नानांचं सॅच्युरेशन ९० वरच का ठेवलंय?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वडील, घरात सगळे नाना म्हणतात, वय ७९. चाळीस वर्षं बिडी ओढली, पाच वर्षांपूर्वी सोडली. दर हिवाळ्यात दम लागायचा, पण पंप नियमित कधी घेतला नाही. या वेळी चार दिवस ताप-खोकला झाला, पाचव्या रात्री धाप लागली आणि जळगावला एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत भरती केलं. आधी हाय फ्लो, म्हणजे नाकातून जोराच्या झोताने ऑक्सिजन देणारं मशीन, लावलं; काल संध्याकाळपासून बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कातून दाबाने हवा देणारं मशीन, आहे. डॉक्टरांनी ‘सॅच्युरेशन ८८ ते ९२’, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी एवढीच ठेवायची, असं लिहून ठेवलंय. नात्यातले म्हणतात, ऑक्सिजन वाचवताहेत. चुलते म्हणतात, व्हेंटिलेटरच्या कागदावर सही करायची नाही, तिथून माणूस परत येत नाही. नाना मास्क ओढून काढतात. बरे होऊन घरी आले तर ऑक्सिजनचं मशीन घ्यावं का, हेही विचारलंय.

मी छातीविकाराचा डॉक्टर आहे, आणि खानदेशात पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय. नानांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निर्णय त्यांच्यापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे विचारलंय ते आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेलं प्रत्येक घर विचारतं, आणि राऊंडच्या गडबडीत त्याला नीट उत्तर मिळत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

ऑक्सिजन वाचवण्याची शंका आधी घेऊ, कारण ती मनात राहिली तर पुढचं काही पटणार नाही. नानांसारख्या बिडीच्या जुन्या दम्याला, ज्याला आम्ही सीओपीडी म्हणतो, ८८ ते ९२ हेच लक्ष्य बरोबर आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो एका आजींकडून. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. साक्रीकडच्या आजी, बिडीला कधी हात लावलेला नाही, पण सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. रात्री धापा टाकत आल्या. सॅच्युरेशन ७८. पिशवीवाला मास्क लावला, १५ लिटर ऑक्सिजन सोडला. अर्ध्या तासात आकडा १०० झाला. आजी शांत झाल्या, डोळे मिटले. सून म्हणाली, “तीन रात्री जागी होती माय, आता झोपली.” मलाही बरं वाटलं आणि मी पुढच्या रुग्णाकडे गेलो. पहाटे सिस्टरनी हाक मारली. आकडा तेव्हाही १००, आणि आजी हलवूनही उठेनात. एबीजी केली, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासलं. कार्बन डायऑक्साइड ९६ निघाला. तो साधारण ३५ ते ४५ असायला हवा. ती झोप नव्हती, कार्बन डायऑक्साइड मेंदूला चढला होता. बायपॅप लावून, ऑक्सिजन कमी करून त्या वाचल्या, दुसऱ्या दिवशी चहा मागितला. चूक माझी होती. तेव्हापासून सॅच्युरेशन १०० दाखवणारा आणि झोपलेला म्हातारा रुग्ण दिसला की मी आधी त्याला उठवून बघतो.

असं का होतं? पांझरेकाठची फड बागायत तुम्ही पाहिली किंवा ऐकली असेल. पाटकरी ठरवतो पाणी कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या तुकड्यात, सोडायचं. पीक नसलेल्या फडात तो पाणी जाऊ देत नाही. फुप्फुसातही असा पाटकरी आहे. ज्या भागात कफ अडकून हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या खराब भागातही थोडा पोचतो, आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्त पुन्हा तिकडे वाहायला लागतं. पण तिथे हवेची ये-जा नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातो. त्यात भर म्हणजे ऑक्सिजनने काठोकाठ भरलेलं हिमोग्लोबिन आपल्याजवळचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं, आणि श्वास घेण्याची ओढही थोडी मंदावते. आम्ही शिकत होतो तेव्हा सगळा दोष या ओढीवर टाकला जायचा. आता पाटकऱ्याची गडबड हे मोठं कारण मानतात.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ॲम्ब्युलन्समध्येच काहींना भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ एवढंच सॅच्युरेशन राहील असा मोजून दिला. मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ऑक्सिजनलाही डोस असतो, इंजेक्शनला असतो तसाच.

आणि ९० म्हणजे ‘दहा टक्के कमी पडतोय’ असं नाही. ९० ला धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब साधारण ६० असतो. त्याच्यावर कितीही चढवलं तरी रक्तात फारसा जास्त ऑक्सिजन मावत नाही, कारण हिमोग्लोबिन जवळजवळ भरलेलंच असतं. ९० च्या खाली मात्र घसरण जोरात होते, म्हणून ८८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. ज्यांना सीओपीडी नाही, कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती नाही, अशा न्यूमोनियाच्या रुग्णाला आम्ही ९४ ते ९८ ठेवतो. शेजारच्या कॉटवरच्या माणसाचा आकडा ९६ आणि नानांचा ९० का, याचं उत्तर एवढंच आहे. नानांची एबीजी केली का आणि कार्बन डायऑक्साइड किती आला, हे तुम्ही जरूर विचारा. तो विचारायचाच प्रश्न आहे, त्यात डॉक्टरांना राग येण्यासारखं काही नाही.

आता मशीनबद्दल. नाकातली साधी नळी मिनिटाला एक ते सहा लिटर देते आणि बऱ्याच जणांना तेवढी पुरते. सीओपीडीसाठी व्हेंच्युरी मास्क हे फार गुणी साधन आहे. त्याला रंगीत तोट्या असतात. निळी २४ टक्के, पांढरी २८ टक्के ऑक्सिजन देते, ना कमी ना जास्त. किंमत थोडी, वीज लागत नाही. तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात निळ्या-पांढऱ्या तोट्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं. माझ्या त्या आजींना त्या रात्री पांढरी तोटी पुरली असती.

धाप लागलेला माणूस मिनिटाला तीस-चाळीस लिटर, कधी त्याहूनही जास्त वेगाने हवा ओढतो. साध्या मास्कातून त्याला सहा ते दहा लिटर मिळतात, बाकीची हवा तो आजूबाजूची ओढून घेतो आणि ऑक्सिजन पातळ होतो. हाय फ्लो नाकातूनच पण मिनिटाला ६० लिटरपर्यंत हवा देतो, आणि ऑक्सिजन २१ ते १०० टक्के, हवा तेवढा ठेवता येतो. ही हवा शरीराइतकी, ३७ अंशांपर्यंत, तापवलेली आणि ओलावलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, हवा कोरडीठाक असते. सुका ऑक्सिजन नाकात मारला की कफाचे अक्षरशः खडे होतात. ओलसर हवेने कफ सुटतो, म्हाताऱ्या माणसाला तो खोकून काढता येतो. शिवाय घशातली वापरलेली हवा हा झोत धुऊन काढतो, त्यामुळे प्रत्येक श्वास कामी येतो. तोंड मोकळं राहतं, बोलता येतं. कार्बन डायऑक्साइड न वाढलेल्या ३१० रुग्णांवर झालेला फ्रान्स-बेल्जियममधला एक मोठा अभ्यास २०१५ साली आला. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी टाकावी लागण्याच्या प्रमाणात तिथे ठोस फरक दिसला नाही, पण ९० दिवसांनी जिवंत असणारे हाय फ्लोच्या गटात जास्त होते.

इतकं सोयीचं साधन, आणि त्याचा धोकाही त्या सोयीतूनच येतो. माणूस शांत दिसतो, आकडा बरा दिसतो, सगळे निश्चिंत होतात, आणि आत छातीचे स्नायू थकत असतात. हाय फ्लोवर ४८ तासांहून जास्त वेळ ओढत नेऊन मग ज्यांना श्वासनलिकेत नळी टाकावी लागली, त्यांच्यात मृत्यू जास्त झाल्याचं आढळलंय. म्हणून कुठलं मशीन लावलं यापेक्षा, लावल्यानंतरचे पहिले दोन तास कोण बघत बसलंय, याला मी जास्त महत्त्व देतो.

बघायचं म्हणजे काय, तेही सांगतो. मी पांघरूण कमरेपर्यंत सरकवतो. एक हात पोटावर हलकेच ठेवतो आणि मनगटावरच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. मॉनिटर श्वासाचा आकडा दाखवतो, पण खोकला आणि हालचाल धरून तो चुकतो. मोजताना मानेकडे लक्ष असतं. दर श्वासाला मानेच्या शिरा-स्नायू दोरीसारखे ताणले जाताहेत का, गळपट्टीच्या हाडावर खळगा पडतोय का. निरोगी श्वासात छाती आणि पोट एकदम वर येतात. थकलेल्या माणसात छाती वर येते तेव्हा पोट आत जातं. पोटावरच्या हाताला हे डोळ्यांच्या आधी कळतं. मग विचारतो, “नाना, औंदा कापूस कितला व्हयना?” पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर थोडा वेळ आहे. दोन शब्दांवर दम घ्यावा लागला तर नाही. आणि औंदाचा हिशेब सोडून भलत्याच वर्षाचं सांगायला लागले, तर मी एबीजीची सुई मागवतो.

न्यूमोनियाच्या रुग्णाला हाय फ्लो लावलं असेल तर एक साधं गणितही आहे, त्याला रॉक्स इंडेक्स म्हणतात. सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं, मग श्वासाच्या संख्येने. समजा सॅच्युरेशन ९२, ऑक्सिजन ६० टक्के म्हणजे ०.६, आणि श्वास ३०. ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३, भागिले ३० म्हणजे ५.१. दोन, सहा, बारा तासांनी हा आकडा ४.८८ किंवा जास्त असेल तर नळी टाकावी लागण्याची शक्यता कमी. त्याच माणसाचे श्वास ३६ झाले तर आकडा ४.३ वर येतो, सॅच्युरेशन तेच ९२ असूनही. दोन तासांना २.८५, सहा तासांना ३.४७, बारा तासांना ३.८५ याच्या खाली गेला तर वाट बघत बसायचं नाही. यात मॉनिटर चुकवतो तो श्वासाचाच आकडा भागाकारात आहे, म्हणून हाताने मोजायचा आग्रह.

म्हाताऱ्या माणसात हे सगळं जास्त काळजीने करावं लागतं. वयाने बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो, स्नायू बारीक होतात, खोकल्याचा जोर जातो. त्यात ऑक्सिजन कमी झाल्याची, कार्बन डायऑक्साइड वाढल्याची जाणीवही बोथट होते. तरुण पोरगा ज्या अवस्थेत ‘मेलो, मेलो’ ओरडेल, त्या अवस्थेत ऐंशीचा माणूस नुसता गप्प बसतो. कधी ताप येत नाही, छातीत दुखत नाही. जेवण सोडलं, बडबडायला लागला, रात्री उठून ‘बैल सोडी दे’ म्हणायला लागला, एवढीच न्यूमोनियाची खूण असते. घरचे त्याला वयाचं भ्रमिष्टपण समजतात आणि दोन दिवस जातात.

तुमच्या डॉक्टरांनी हाय फ्लोवरून बायपॅपवर का नेलं असेल? माझा अंदाज, कार्बन डायऑक्साइड वाढला असेल किंवा नाना थकत असतील. हाय फ्लो मुख्यतः ऑक्सिजन पोचवतो. बायपॅप श्वासाचं कामच वाटून घेतो. श्वास आत घेताना जास्त दाबाने हवा ढकलतो, सोडताना कमी दाब ठेवतो म्हणजे बारीक नळ्या मिटत नाहीत. सीओपीडीचा झटका आणि रक्त आम्लधर्मी झालेलं, म्हणजे पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, इथे बायपॅपइतका ठोस पुरावा फार थोड्या उपचारांना आहे. नळी टाकावी लागणं कमी होतं, मृत्यूही कमी होतात. हे म्हाताऱ्यांनाही लागू पडतं का? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ वर्षांवरचे, कार्बन डायऑक्साइड वाढलेले ८२ रुग्णच घेतले होते, आणि त्यांनाही फायदा झाला. म्हणजे वय जास्त आहे म्हणून बायपॅप नको, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. हृदयाच्या दुखण्याने फुप्फुसात पाणी भरतं तेव्हाही हे मशीन फार लवकर आराम देतं. नुसता न्यूमोनिया असेल, सीओपीडी नसेल, तर मात्र मी बायपॅपवर फार वेळ विसंबत नाही. तासा-दोन तासांनी पुन्हा एबीजी झालीच पाहिजे. पीएच वर सरकतोय आणि श्वास कमी होताहेत, तर गाडी रुळावर आहे.

आणि एक लक्षात घ्या, यातलं कुठलंही मशीन न्यूमोनिया किंवा सीओपीडीचा झटका बरा करत नाही. न्यूमोनिया अँटिबायोटिकने आणि कफ काढण्याने, झटका स्टिरॉइडने आणि नेब्युलायझरने आटोक्यात येतो. मशीन तोवर दम टिकवून धरतं.

व्हेंटिलेटरच्या सहीबद्दल. चुलत्यांचा अनुभव खोटा नाही. गावातून व्हेंटिलेटरवर गेलेले म्हातारे परत आलेले त्यांनी पाहिले नसतील, कारण आपल्याकडे बरेच जण फार उशिरा पोचतात. पण मी परत आलेलेही पाहिलेत. ‘वय ७९, मग कशाला’ हा हिशेब मला मान्य नाही. माझा पहिला प्रश्न असतो, महिनाभरापूर्वी नाना काय करत होते? शेतात चालत जात होते, स्वतः आंघोळ करत होते, ओट्यावर बसून गप्पा मारत होते? की सहा महिन्यांपासून खाटेवर, दोघांनी उचलून संडासला न्यावं लागतं, वजन झडलेलं, माणसं ओळखत नाहीत? आयसीयूतल्या ऐंशीच्या पुढच्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासांतही हाच अशक्तपणा पुढचं बरंचसं सांगून जातो. पहिल्या प्रकारच्या नानांना बायपॅप पुरला नाही तर मी नळी टाकायचा सल्ला देईन, आणि वेळेत देईन. घरच्यांशी ठरवीन की पाच दिवस पूर्ण जोर लावू, रोज बसून बोलू, सुधारणा नसेल तर पुन्हा ठरवू. दुसऱ्या प्रकारच्या नानांना बायपॅप हीच शेवटची पायरी ठेवणं हा वैद्यकीय निर्णय आहे आणि त्यात कसूर नाही. तिथेही धाप कमी करायला आमच्याकडे उपाय आहेत. मॉर्फिनचा अगदी छोटा डोस गुदमरणं शमवतो, चेहऱ्यावर पंख्याची गार झुळूकही शमवते. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य मी वापरत नाही.

या बोलण्यात एक माणूस बहुतेक वेळा राहून जातो, तो म्हणजे स्वतः नाना. बायपॅपवर शुद्धीत असतील तर मास्क दोन मिनिटं बाजूला करून त्यांना विचारता येतं. कित्येक म्हातारी माणसं अगदी स्पष्ट सांगतात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगतो, आपली इच्छा आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की पुरतं.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही, पण ते डोक्यात असणारच. महात्मा फुले योजनेत रुग्णालय आहे का ते आरोग्यमित्राला आजच विचारा. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार कार्ड जवळ ठेवा.

समजा दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं, तर निघण्याआधी सिलिंडरचा हिशेब करा. हे मी धडगाव-अक्कलकुव्याकडच्या वाचकांसाठीही लिहितोय. ॲम्ब्युलन्समधल्या भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर चालवला तर अडीच तास, १५ ने चालवला तर शंभर मिनिटं. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला यायलाच दोन तासांच्या वर जातात, पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर विचारूच नका. हाय फ्लो पूर्ण ६० लिटरवर, शंभर टक्के ऑक्सिजनने चालवला तर तोच सिलिंडर २५ मिनिटांत रिकामा आणि ७००० लिटरचा जंबोसुद्धा दोन तास पुरत नाही. म्हणून निघताना ड्रायव्हरला मीटरचा काटा दाखवायला सांगा, आणि रस्त्याला लागणाऱ्या वेळेच्या दीडपट ऑक्सिजन असल्याशिवाय निघू नका.

दुर्गम भागात बाहेरून येणाऱ्या टँकरवर किती विसंबायचं, हे करोनात सगळ्यांना कळलं. नंदुरबारने ते जरा आधी ओळखलं. डॉ. राजेंद्र भारुड जिल्हाधिकारी असताना, पहिल्या लाटेच्या वर्षी, २०२० मध्येच, जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्लांट बसवला गेला. दुसऱ्या लाटेत त्याचं मोल दिसलं. या प्लांटमध्ये झिओलाइट नावाचे बारीक दाणे असतात. हवा दाबाने त्यांतून सोडली की नायट्रोजन दाण्यांना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो.

तुम्ही विचारलेलं घरचं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, त्याच तत्त्वावर चालतं. ते आत्ता घेऊ नका. नाना घरी जाताना विश्रांतीत सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर काही आठवड्यांसाठी ऑक्सिजन लिहून देतील, तेव्हा भाड्याने घ्या. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. बऱ्याच जणांची गरज तोवर संपलेली असते. ज्यांची संपत नाही त्यांनी मात्र दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन घ्यायचा. त्याने आयुष्य वाढतं हे १९८० आणि १९८१ मधल्या दोन अभ्यासांनी दाखवलं. धाप लागली की अर्धा तास लावायचा आणि काढायचा, याला काही अर्थ नाही. प्रवाह डॉक्टरांनी लिहिला तेवढाच ठेवायचा, घरीसुद्धा साक्रीच्या आजींसारखं होऊ शकतं. खेड्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीची किंवा एका भरल्या सिलिंडरची सोय हवी. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत बिडी नाही, चूल नाही, देवापुढची निरांजनही नाही. नाकाजवळ ठिणगी पडली तर चेहरा भाजतो, आणि असे चेहरे मी पाहिलेत. मशीनपेक्षा आधी पंप ओढायची पद्धत सिस्टरसमोर तीनदा करून दाखवा, फ्लूची लस दर वर्षी घ्या आणि न्यूमोनियाचीही घ्या.

नाना मास्क ओढतात, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. माझ्या मते आज सगळ्यात जास्त काम तिथेच आहे. बायपॅप हरतो तो बहुतेक वेळा मास्कमुळे. सुरुवातीला चेहऱ्यावर वादळ आल्यासारखं वाटतं. नानांना कमी ऐकू येत असेल, चष्मा काढून ठेवलेला, भोवती सगळे अनोळखी आणि प्रमाण मराठीत नाहीतर हिंदीत भराभर बोलणारे. माणूस घाबरतो आणि ओढतो. हात बांधले की आणखी घाबरतो. मी काय करतो सांगतो. पट्टे न लावता मास्क नुसता हातात धरतो, दाब अगदी कमी ठेवतो आणि रुग्णाचाच हात मास्कवर ठेवून त्याला तो धरायला लावतो. दहा-पंधरा श्वास झाले की पट्टे, आणि तेही दोन बोटं आत जातील इतकेच घट्ट. दाब मग हळूहळू वाढवतो. नाकाच्या हाडावर कातडी कागदासारखी पातळ असते, तिथे पहिल्या तासातच पॅड लावायला सांगा, जखम झाल्यावर नाही. कवळी काढली की गाल आत जातात आणि कडेने हवा गळून डोळ्यांत जाते. घट्ट बसणारी कवळी असेल तर ठेवता येईल का ते विचारा, सैल असेल तर नको. धाप चालू असताना चमच्याने पाणी किंवा खिचडी भरवू नका, ते फुप्फुसात जातं. डॉक्टर मास्क काढून जेवायची वेळ ठरवून देतात, तेव्हाच, आणि बसवून.

आज संध्याकाळच्या भेटीत नानांचा चष्मा, ऐकायचं यंत्र असेल तर ते आणि कवळी डबीत घालून घेऊन जा. गर्दी करू नका, एकच जण जा, ज्याचं नाना ऐकतात तो. सिस्टरना विचारून मास्क लावायच्या वेळी कॉटशेजारी उभे राहा. ते म्हणतील, “काढी टाक भो हाई, माले गुदमराई ऱ्हायनं.” तेव्हा त्यांचा हात हातात घ्या आणि अहिराणीतच सांगा की मी इथेच आहे, फक्त वीस श्वास घ्या. मोठ्याने, त्यांच्याबरोबर, मोजत राहा. वीस झाले की पुन्हा वीस.